चाड्यावरची मूठ

आमच्या घरी बी विकत आणत नसत. बी घरचंच. खळ्यावर कणसं येऊन पडली की मळणीला हात लागायच्या आधी आजी तिथं हजर. भरलेली, टपोरी कणसं निवडायची, त्यांच्या जुड्या बांधून आढ्याला टांगायची. वर्षभर चुलीचा धूर लागायचा, कीड फिरकत नसे. तुरीचं, मुगाचं बी राखेत घोळून मडक्यात. वर कडुनिंबाचा पाला, तोंड शेणमातीनं लिंपलेलं. उतरंडीतल्या कुठल्या मडक्यात काय, हे आजीला अंधारातही कळायचं. घरात दाणा संपला तरी त्या मडक्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

कुणाचं बी हुकलं तर शेजारी द्यायचे. पायली नेली की सुगीला सव्वा पायली परत. भोकरदनच्या मावशीकडून आलेली तूर ‘मावशीची तूर’, अंबडच्या आत्याचा भोपळा ‘आत्याचा भोपळा’. मिरगाचा पाऊस झाला की आजोबा तिफण हाकायचे आणि चाड्यावर मूठ आजीची. मूठ सैल सुटली की पीक दाट, आवळली की विरळ.

1964 साली जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी काढली. त्याच सुमाराला सीएसएच-1 ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. आमच्या गावात ‘हायब्रीड’ पोचायला आणखी काही वर्षं गेली. बुटकं ताट, गच्च कणीस. दाणा घरात मावेना. भाकरीला मालदांडीची गोडी नव्हती, आणि काढणीला पाऊस गाठला तर दाणा काळा पडायचा. पण बहात्तरच्या दुष्काळात सुकडी आणि मिलो खाऊन ज्यांनी दिवस काढले, त्यांनी हायब्रीडला नावं ठेवली नाहीत. आम्हीही ठेवत नाही. तिनं पोट भरलं.

फक्त तिचं बी घरी धरता येत नव्हतं. आजीनं सवयीनं कणसं निवडली, टांगली, पुढच्या साली पेरली. एक ताट उंच, एक ठेंगणं, एक कणीस भरलेलं, शेजारचं पोचट. संकरिताचे गुण दुसऱ्या पिढीत असे फुटतात, हे आम्हाला पुढं शाळेत कळलं. आजी त्या दिवशी बांधावर बराच वेळ उभी होती. मग आढं रिकामंच राहिलं.

तो एक बदल अंगवळणी पडायला घराला पंधरा वर्षं तरी मिळाली. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि थोड्याच हंगामांत शिवारात दुसरी सरकी दिसेनाशी झाली. आता तर गेल्या सालचं नाव घेऊन दुकानात जावं, तर भलत्याच नावाचं पाकीट पुढं येतं. पूर्वी पेरणीआधी गल्ली आजोबांच्या ओट्यावर जमायची. आता नातू मोबाइलवर बघून सांगतो. बरोबर सांगतो, पण ओट्यावर विचारायला कुणी येत नाही, हे मनाला लागतं.

वहिनीच्या फडताळात प्लॅस्टिकची एक बरणी आहे, आत राखेत घोळलेल्या भोपळ्याच्या बिया. मिरगाच्या तोंडावर शेजारची नवी सून वाटी घेऊन आली. वहिनीनं मोजून सात बिया दिल्या आणि म्हणाली, “आत्याचा भोपळा आहे गं, जप.”