पडदा आणि खुर्ची

आमच्या घरात मोठ्या प्रश्नांवरून भांडणे होत नाहीत. मुलाने विज्ञान शाखेला जायचे की वाणिज्य शाखेला, जुन्या घराची कौले काढून स्लॅब टाकायचा की नाही, असल्या गोष्टी आम्ही ताक-भात होईपर्यंत मिटवून टाकतो. भांडण होते ते आमटीत गूळ किती ह्यावरून, नाहीतर पंखा कितीवर ठेवायचा ह्यावरून. ह्या पावसाळ्यात ते टेलिव्हिजनच्या पडद्यावरून झाले.

आमच्या बत्तीस इंची संचाच्या पडद्यावर एक उभी हिरवी रेघ आली आणि नवा संच घ्यायचा असे ठरले. पण केवढा? चिरंजीवांनी पासष्ट इंचांची मागणी केली. कोल्हापूरचा मुलगा, पायात नाही तर निदान डोळ्यांत तरी फुटबॉल असणारच. छोट्या पडद्यावर चेंडू शोधण्यातच सामना संपतो, हे त्याचे म्हणणे. सौभाग्यवतींना त्रेचाळीस पुरेसे वाटत होते, कारण त्याहून मोठा पडदा पुसायला स्टूल लागेल. मी हिशेबाचा माणूस, म्हणून मी आधी मोजमाप करावे असे सुचवले, आणि ते कुणालाच आवडले नाही. राहिले आप्पा, म्हणजे माझे वडील. त्यांना विचारले तेव्हा ते दाराजवळच्या आपल्या खुर्चीतून म्हणाले, "माझं काय, कुठलाही चालेल." ह्या उत्तराला मी त्यांचा समजूतदारपणा म्हणून मनातल्या मनात नमस्कार केला होता.

पडद्याचे इंच हा एक फसवा प्रकार आहे. ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, म्हणजे कर्णाचे असतात. आमच्याकडे १९८७ साली पहिला संच आला तो वीस इंची होता. त्या काळच्या पडद्याची रुंदी नि उंची चारास तीन असे, म्हणजे शाळेतला तीन-चार-पाचचा त्रिकोण: वीस इंच कर्ण, सोळा रुंदी, बारा उंची. आताचे पडदे सोळास नऊ ह्या मापाचे. त्यामुळे बत्तीस इंची म्हणून मिरवणारा संच उंचीला पावणेसोळा इंचच भरतो. जुन्या डबड्यापेक्षा पावणेचार इंच काय ते जास्त! ज्याला अंतराचा विचार करायचा आहे त्याने कर्ण विसरावा आणि उंची-रुंदी मोजावी.

त्या वीस इंची संचापुढे रविवारी सकाळी 'रामायण' पाहायला आमच्या मंगळवार पेठेतली निम्मी गल्ली पुढच्या सोप्यात येऊन बसे. आप्पांनी फरशीवर खडूने एक रेघ मारली होती, पडद्यापासून बरोबर सहा फुटांवर. "रेघेच्या अलीकडं कोणी आलं तर बंद करीन," असा दम असे. जवळून पाहिल्याने डोळे जातात, हे तेव्हा सगळ्या आई-बापांना ठाऊक होते. डोळ्यांचे डॉक्टर आता सांगतात की जवळ बसल्याने डोळे थकतात, पण जात नाहीत. उलट एखादे मूल सारखे पडद्याला जाऊन चिकटत असेल तर त्याला लांबचे दिसत नसण्याचा संभव असतो. तरीपण आप्पांची रेघ चुकली नव्हती. त्या वेळचे चित्र ६२५ आडव्या रेषांचे. फार पुढे सरकले की रेषा दिसू लागत, म्हणून पडद्याच्या उंचीच्या पाच-सहापट अंतरावर बसावे असा दंडक होता. बारा इंच गुणिले सहा म्हणजे सहा फूट. हा हिशेब आप्पांनी कुठे वाचला होता की नुसत्या नजरेने धरला होता, कोण जाणे. ते छापखान्यात जुळारी होते. खिळे जुळवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्या नजरेला बारीक आणि जाड, जवळ आणि लांब, हे वेगळे सांगावे लागत नसे. मथळा पाहून "हा बहात्तर पॉइंट" किंवा "हा छत्तीस" असे ते चहाचा घोट घेता घेता सांगत.

अंतराची गंमत पाहायची तर आमच्या गावात लांब जावे लागत नाही. शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोपच्या प्रवासात रोमचे कोलोसियम पाहिले आणि १९१२ साली खासबागेचे कुस्त्यांचे मैदान उभे राहिले. बशीसारखे खोलगट. कुठेही बसा, पुढच्याचे पागोटे आड येत नाही. त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर झाले, तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याला आग लागली तेव्हा अख्खे कोल्हापूर रस्त्यावर येऊन हळहळले. तिथे नाटकाला पहिल्या रांगेचे तिकीट सर्वांत महाग. आणि सिनेमाच्या टॉकीजमध्ये? पहिली रांग म्हणजे पिट, सर्वांत स्वस्त! आम्ही कॉलेजची पोरे पिटात मान वर करून नायिकेची हनुवटीच काय ती पाहायचो. नटाच्या चेहऱ्यावरची सुरकुती दिसावी म्हणून माणूस पैसे मोजून जवळ जातो, आणि पडद्यावरचा चेहरा नीट दिसावा म्हणून पैसे मोजून लांब जातो. जवळचे चांगले की लांबचे, हे समोर काय आहे त्यावर ठरते. लग्नातले आहेर आणि नातेवाईक ह्यांच्याबाबतीतही हे खरे असावे, पण तो विषय वेगळा.

राजारामपुरीतल्या एका दुकानात आम्ही तिघे गेलो. तिथल्या तरुणाने "साहेब, पासष्टच्या खाली कोण बघतंय आता?" असे म्हणून पासष्ट इंची संच लावला. पंचवीस फूट खोलीच्या त्या दालनात तो अगदी बेताचा वाटत होता. दुकानातला पडदा नेहमीच लहान दिसतो, कारण दुकान मोठे असते. साडी दुकानातल्या दिव्याखाली पाहून घेऊ नये, तसा संच दुकानातल्या दालनात पाहून घेऊ नये. मी त्याला म्हणालो, "आम्ही घर मोजून येतो." चिरंजीव रस्ताभर माझ्याशी बोलले नाहीत.

घरी येऊन टेप काढला. घरातल्या साध्या पाहण्यासाठी एक सोपा नियम आहे: पडदा डोळ्यांपुढे तीसेक अंशांचा कोन व्यापील इतपत असावा. म्हणजे अंतराचे इंच करावेत आणि त्यांना १.६ ने भागावे. सिनेमागृहासारखे अंगावर येणारे चित्र हवे असेल त्याने १.२ ने भागावे. सोप्यातल्या कॉटवर मुलगा बसतो तिथून भिंत साडेसहा फूट, म्हणजे ७८ इंच. भागाकार आला ४९. आप्पांची खुर्ची उंबऱ्यालगत, भिंतीपासून बरोबर दहा फूट. १२० भागिले १.६, उत्तर ७५! एकाच खोलीत एकाला एकोणपन्नास आणि दुसऱ्याला पंचाहत्तर. सूत्र हे एका माणसाचे असते, घर चौघांचे.

शेवटचा निकाल भिंतीने दिला. एका बाजूला सागवानी कपाट आणि दुसऱ्या बाजूला देवघराचे दार, मध्ये जागा साडेचार फूट, चोपन्न इंच. पंचाहत्तरचा संच पासष्ट इंच रुंद, पासष्टचा सुमारे सत्तावन्न, दोन्ही बाद. पंचावन्नचा अठ्ठेचाळीस इंच रुंद आणि सत्तावीस उंच, तो बसत होता. दुकानदार ज्याचा फार डंका पिटत होता त्या फोर-के बारकाव्याचाही हिशेब मी करून टाकला. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा कळतो. पंचावन्न इंची पडद्यावरचे फोर-केचे ठिपके इतके बारीक की ते पूर्णपणे उपभोगायचे तर साडेतीन फुटांवर नाक नेले पाहिजे. सात फुटांच्या पलीकडून साधे फुल-एचडी आणि फोर-के ह्यांतला फरक डोळ्याला सापडत नाही. पण आता मोठे संच बहुतेक फोर-केच मिळतात, तेव्हा ह्या ज्ञानाचा उपयोग फक्त दुकानदाराला गप्प करण्यापुरता.

तरीही कागदावरचा पडदा आणि भिंतीवरचा पडदा ह्यांत अंतर असतेच. म्हणून मी रद्दीतली वर्तमानपत्रे एकमेकांना चिकटवून अठ्ठेचाळीस बाय सत्तावीसचा आयत केला आणि तो भिंतीवर डकवला. दोन दिवस तो तसाच ठेवायचा, येता-जाता पाहायचा, आणि मग काय ते ठरवायचे. संध्याकाळी आम्ही सगळे त्या कागदी संचापुढे बसलो. मुलाने लगेच खेळ काढला: कुठून कोणता मथळा वाचता येतो ते सांगायचे. तो कॉटवरून जाहिरातीतली बारीक अक्षरेसुद्धा वाचत होता. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारातून वाचत होत्या. मग तो म्हणाला, "आप्पा, आता तुम्ही. मधला मोठा मथळा सांगा."

"जुन्या बातम्या काय वाचायच्या!" आप्पा म्हणाले.

"सांगा की, आप्पा."

आप्पांनी चष्मा सारखा केला, मान थोडी तिरकी केली आणि ठणठणीत आवाजात सांगितले, "उसाचा दर."

मुलगा खदखदून हसला. कोल्हापुरात मथळा एकतर उसाचा असतो नाहीतर पुराचा. आप्पांनी दोहोंतला एक उचलला होता, आणि तो चुकीचा निघाला. मथळा पंचगंगेचा होता. हसता हसता मी सहज पाहिले, आणि माझे हसू थांबले. ती अक्षरे इंचभर उंच होती. बहात्तर पॉइंट. डॉक्टरांच्या तक्त्याच्या हिशेबाने दहा फुटांवरून साडेचार मिलिमीटरचे अक्षर वाचता यायला हवे. हे त्याच्या पाचपटीहून मोठे होते.

मुलगा खेळायला गेल्यावर मी खुर्चीशेजारी बसलो. बातम्यांच्या वेळी आवाज फार मोठा ठेवतात म्हणून गेली दोन वर्षे मी त्यांच्यावर कुरकुरत आलो होतो. "कधीपासून दिसत नाही, आप्पा?" मी विचारले.

"दिसतं की. कोण बोलतंय ते आवाजावरनं कळतं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "जुळाऱ्याला अक्षर दिसत नाही, हे कुणाला सांगायचं?"

रोज सकाळी पेपर उघडून ते तासभर बसत होते. पाने मीच त्यांच्या हातात देत होतो.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, उजव्यात जास्त पिकलेला. आधी उजवा, महिन्याने डावा. आतले गढूळ भिंग काढून तिथे नवे बसवायचे, आणि त्याच दिवशी घरी यायचे. मी बाहेरच्या बाकावर बसून चहाचे तीन कप संपवले, त्यांतल्या एकाचीही चव आठवत नाही. पुढे थेंबांचे वेळापत्रक सौभाग्यवतींनी सांभाळले आणि चिरंजीवांनी, न सांगता, पासष्टचा हट्ट सोडला. नव्या संचाची गोष्ट दिवाळीपर्यंत लांबली. कागदी पडदा मात्र भिंतीवरच राहिला. तो काढायचे कुणाच्या मनात आले नाही.

पहिल्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर आप्पांनी घरात शिरताच विचारले, "ही भिंत पांढरी कधी केली?" ती चार वर्षांपूर्वीपासून पांढरीच आहे. दुसरा डोळा झाला आणि आठवड्याने ते आपल्या खुर्चीत नेहमीसारखे बसले. मी मुद्दामच काही बोललो नाही. चहा येईपर्यंत ते त्या रद्दीकडे पाहत होते. मग त्यांनी संथपणे वाचले, "राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फूटांवर." थोडे थांबून त्यांनी मला हाक मारली आणि भिंतीकडे बोट केले.

"फुटांवरला उकार ऱ्हस्व पाहिजे. बहात्तर पॉइंटात चूक करतात, लेकाचे!"