खांदेमळणीची तारीख

चि. सोनूस,


तुझे पत्र परवा पावले. क्ष-किरण तंत्रज्ञाची परीक्षा तू उत्तीर्ण झालीस, सरकारी नेमणुकीचा हुकूम हाती आला आणि रुजू होण्याचे ठिकाण म्हणून उपजिल्हा रुग्णालयाचा सोनोग्राफी कक्ष मिळाला, हे वाचून झालेल्या आनंदाचे वर्णन मी करीत बसत नाही. परंतु त्याच पत्राच्या अखेरीस तू जी खंत दोन ओळींत उरकली आहेस, तिला सविस्तर उत्तर देणे हे मी आत्या या नात्याने आणि नोकरीची सत्तावीस वर्षे सरकारी रुग्णालयांत काढलेली एक कर्मचारी या नात्यानेही माझे कर्तव्य समजते. तू लिहितेस, की प्रोब हाती धरायचा तो डॉक्टरांनी, निदान करायचे ते डॉक्टरांनी, अहवालाखाली सही व्हायची ती डॉक्टरांची. मग एवढे शिकून आपल्या वाट्याला उरले काय, तर एफ फॉर्म भरणे, जेली पुसणे आणि पुढच्या बाईला हाक मारणे.

वस्तुस्थिती तू म्हणतेस तशीच आहे. इंग्लंडसारख्या देशांत सोनोग्राफीचे विशेष शिक्षण घेतलेला तंत्रज्ञ स्वतः तपासणी करतो आणि अहवालही लिहितो. आपल्याकडे गर्भवतीच्या पोटावर प्रोब फिरवण्याचा अधिकार कायद्याने पात्र डॉक्टरांपुरताच राखून ठेवलेला आहे, आणि तो तसा का ठेवावा लागला याचा इतिहास अभिमानाने सांगावा असा नाही. तो पुढे येईलच. तत्पूर्वी ज्या यंत्राच्या सोबतीला तू उभी राहणार आहेस त्याचा स्वभाव नीट ध्यानात घे.

मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपलीकडचा ध्वनी ऐकू येत नाही. पोटाच्या तपासणीचा प्रोब सेकंदाला तीस-पस्तीस लाख कंपनांचा ध्वनी शरीरात सोडतो, तो ध्वनी मऊ पेशीजालातून सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने आत जातो, वाटेत जिथे जिथे एका पदार्थाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते तिथे तिथे त्याचा काही अंश माघारी फिरतो, आणि परत येण्यास लागलेल्या वेळावरून ती हद्द किती खोल आहे याचा हिशेब यंत्र मांडते. ज्या गुणधर्मावर हे सारे चालते तो प्येर आणि जाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली स्फटिकांत शोधला, आणि ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये लेख प्रसिद्ध करून या ध्वनीने उदरातील गाठी आणि गर्भ पाहता येतात हे वैद्यकविश्वाला दाखवून दिले. परंतु या सर्वांहून मला मोलाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे. प्रोबमधला स्फटिक दर सेकंदातला शंभरावा हिस्साही बोलण्यात घालवीत नाही; क्षणमात्र ध्वनी सोडतो आणि उरलेला सारा वेळ परत येणाऱ्या प्रतिध्वनीसाठी कान देऊन असतो. आपल्या कक्षातील तंत्रज्ञानेही याच प्रमाणात बोलावे आणि ऐकावे, असे मला इतक्या वर्षांच्या अनुभवाअंती वाटते.

हे ऐकणे बाहेरच्या बाकड्यापासून सुरू होते. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत तपासणीस येणाऱ्या बाईला आपण भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून धरायला सांगतो, कारण भरलेले मूत्राशय आतडी बाजूला सारते आणि पाण्यातून ध्वनी विनाअडथळा पार होतो. पित्ताशयाच्या तपासणीला येणाऱ्याला उपाशीपोटी बोलावतो, कारण खाल्ल्याबरोबर पित्ताशय आकुंचन पावते. पुस्तकात हे एका ओळीत संपते. पण दर महिन्याच्या ९ तारखेला, सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी, पहाटेच्या एस.टी.ने वाड्यावस्त्यांवरून आलेल्या बायांची रांग जेव्हा व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाते आणि डॉक्टरांना शस्त्रक्रियागृहातून यायला उशीर होतो, तेव्हा तांब्याभर पाणी पिऊन दोन तास मुकाट्याने बसलेल्या बाईच्या जिवाची काय तगमग होते हे तिच्या तोंडून कधी निघत नाही. ते तिच्या बसण्यावरून ओळखावे लागते, आणि ओळखल्यावर रांगेचा क्रमांक बाजूला ठेवून तिला आधी आत घेण्याइतका अधिकार आपल्याला निश्चित आहे. त्वचा आणि प्रोब यांच्यामध्ये हवेचा पातळसा थर जरी राहिला तरी ध्वनी तिथूनच परत फिरतो, म्हणून जेली लागते. पण पौषातल्या सकाळी ती बाटली अर्धा तास कोमट पाण्यात ठेवली तर तिच्या स्पर्शाने पोट आखडत नाही, आणि बाई सैल पडली की डॉक्टरांनाही स्पष्ट दिसते. जेली पुसायला स्वच्छ कापड तिच्या हातात देणे, पडदा पूर्ण ओढणे, लुगडे सावरून ती उठेपर्यंत पुढच्या नावाची हाक न मारणे, या गोष्टी कोणत्याही परिपत्रकात नमूद नाहीत.

आता एफ फॉर्म. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा या देशात प्रथम आपल्याच महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला, १ जानेवारी १९९६ पासून अंमलात आला आणि २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला. तरीही शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या आपल्या राज्यात १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ वर आली. जे यंत्र आईचा जीव वाचवण्यासाठी आले त्याच्याच साक्षीने हे घडले, ही गोष्ट आपल्या पेशातील प्रत्येकाने मान खाली घालून आठवत राहावी अशी आहे. बाईचे नाव, वय, पत्ता, हयात अपत्यांचा तपशील, तपासणीचे कारण, गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही अशा तिच्या प्रतिज्ञेखालची सही किंवा अंगठा आणि मी ते सांगितले नाही असे डॉक्टरांचे प्रतिज्ञापत्र, हे सारे या कायद्यान्वये भरावयाच्या एफ फॉर्ममध्ये येते. आणि त्यातील त्रुटी म्हणजे केवळ कारकुनी चूक असा बचाव चालणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०१९ रोजी दिलेला आहे. तेव्हा ज्याला तू फॉर्म भरणे म्हणतेस ते न जन्मलेल्या मुलीच्या बाजूने दप्तरात ठेवलेली साक्ष आहे.

आणि या साक्षीचा दुसरा भाग मौन. एखादी सासू दाराशी गाठून हळूच विचारते, "बाई, पेढे का बर्फी?" पदराआडून नोटही पुढे करते. शब्दांनी, खुणेने वा अन्य कोणत्याही रीतीने सांगणे कायद्याने गुन्हा आहे. परंतु चेहराही बोलतो हे लक्षात ठेव. पडद्यावरची आकृती ओळखता येण्याइतकी नजर तुला वर्ष-दोन वर्षांत येईल, आणि त्यानंतर प्रत्येक बाईकडे एकाच मुद्रेने पाहण्याचा अभ्यास तुला करावा लागेल. मी तो केला आहे. तो सोपा नाही.

माझ्या हातून घडलेली एक चूकही तुला सांगते. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोन बाया लागोपाठ आल्या, आणि नोंदणी क्रमांकाची रुजुवात न करता मी त्यांचे कागद परस्परांच्या केसपेपरला जोडले. एकीच्या मूत्रपिंडात खडा होता. दुसरीला काही नव्हते. औषधाच्या खिडकीवर सिस्टरांच्या ध्यानात आले म्हणून अनर्थ टळला. तेव्हापासून नाव, वय, गाव आणि नवऱ्याचे नाव बाईच्या तोंडून वदवून घेतल्यावाचून मी एकही कागद हातावेगळा केलेला नाही.

ज्या प्रसंगाने या कामाविषयीच्या माझ्या सर्व शंका फिटल्या तो २०२४ च्या एप्रिलअखेरचा. ऊसतोडीहून परतलेली एक बाई आठव्या महिन्यात पहिल्यांदाच तपासणीला आली. पाच-सहा महिने कोपीवर काढलेले, आधीचा एकही कागद जवळ नाही. शेवटची पाळी केव्हा आली, या प्रश्नाला "ध्यानात नाही" असे उत्तर आले. अशा वेळी घाईत "माहीत नाही" असे लिहून पुढे जाण्याचा शिरस्ता अनेक ठिकाणी आहे. मी तिच्याजवळ बसले आणि सणांची नावे घेत मागे मागे गेले: दिवाळी, दसरा, गणपती. पोळ्याशी येताच ती थबकली आणि म्हणाली, "खांदेमळणीच्या दिशीच. बैलाला हात लावायचा नाही म्हणून मी वसरीवर बसून होते." बैल तिचा स्वतःचा होता, त्यामुळे तो दिवस ती विसरणे शक्य नव्हते. २०२३ साली श्रावण अधिक आला होता, म्हणून आदल्या वर्षी ऑगस्टअखेर झालेला पोळा त्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यावर गेला होता; भिंतीवर मी जपून ठेवलेल्या जुन्या कालनिर्णयात पाहून पोळ्याच्या आदल्या दिवसाच्या खांदेमळणीची १३ सप्टेंबर ही तारीख फॉर्मवर लिहिली. त्या हिशेबाने गर्भ बत्तीस आठवड्यांचा व्हायला हवा होता.

डॉक्टरांनी मापे घेतली, ती अठ्ठावीस-एकोणतीस आठवड्यांची भरली, आणि पोटाचा घेर डोक्याच्या मानाने कमी होता. शेवटच्या तिमाहीत केवळ मापांवरून वय काढले तर तीन आठवड्यांपर्यंत चूक होऊ शकते. तारीख नसती तर गर्भ लहान वयाचा आहे, सर्व ठीक आहे, महिन्याने या, असे सांगून तिला परत पाठवले जाण्याचा पुरेपूर संभव होता. डॉक्टर फॉर्मवरची तारीख पाहून थांबले. त्यांनी पुन्हा मापे घेतली, नाळेतल्या रक्तप्रवाहाची डॉपलर तपासणी केली, वाढ खुंटली असल्याचे निदान केले आणि १०८ च्या रुग्णवाहिकेतून तिला त्याच दुपारी मोठ्या रुग्णालयात धाडले. मूल मुदतीपूर्वी, कमी वजनाचे, पण जिवंत झाले आणि पुढे बाळसे धरू लागले, हे मला तिच्या वस्तीच्या आशाताईंकडून कळले. निदान डॉक्टरांचेच होते, आणि ते उत्तम होते. परंतु ज्या आधारावर ते उभे राहिले ती तारीख एका निरक्षर बाईच्या स्मृतीतून निघाली होती, आणि तिथवर जाण्याचे काम सबंध रुग्णालयात तंत्रज्ञाखेरीज दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेले नव्हते.

तेव्हा सोनू, तुझ्या हाती काय उरले या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे. पडद्यावर दिसते ते गर्भाचे आजचे रूप. त्याचा मागचा इतिहास त्या बाईजवळ असतो, आणि तो विचारून, ऐकून, बिनचूक लिहून ठेवणे हे निदानाइतकेच जबाबदारीचे काम आहे. त्यात हयगय करू नकोस.

रुजू होशील त्या दिवशी कक्षाच्या भिंतीवर तिथी आणि सण दाखवणारी दिनदर्शिका लाव, आणि वर्ष पालटले तरी जुनी लगेच काढून टाकू नकोस. गर्भाचे नऊ महिने बहुधा दोन वर्षांत विभागलेले असतात.

तुझी,
आत्या