परभणीचा कापूस आणि गुलामांचे युद्ध

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमची आजी कापूस पुढ्यात घेऊन वाती वळायला बसायची. तो कापूस कुठून आला, कुणी वेचला, असा प्रश्न तिला पडला नाही आणि आम्हालाही नाही. पण गेल्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर परभणीला जाण्याचा योग आला, आणि तेव्हापासून निरांजनातली वात पाहिली की मला अमेरिकेतले एक युद्ध आठवते. वाचक म्हणतील, वातीचा आणि अमेरिकेचा काय संबंध? तोच सांगायचा आहे.

रात्रीच्या गाडीने मनमाड सोडले. उजाडले तेव्हा परतूर मागे पडले होते. सेलू, मानवत रोड ही कापसाच्या पेठांची स्टेशने एकेक करून येऊ लागली. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन आणि तिच्यावर फुटलेली पांढरी बोंडे. परभणीत उतरलो तो शेतकीचे जाणकार असलेले एक स्नेही घ्यायला आले होते. १९७२ साली स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाची शेते दाखवता दाखवता त्यांनी विचारले, "या कापसाचं मूळ गाव कोणतं, सांगा पाहू?" मी म्हटले, "परभणीच की!" ते हसले. इथला अस्सल देशी कापूस म्हणजे 'गावरानी'. पण हैदराबाद संस्थानच्या काळात दुसऱ्या एका वाणाचे नावच 'परभणी अमेरिकन' होते. आणि आज शेतात दिसतो तो जवळजवळ सगळा कापूस त्याच अमेरिकन कुळातला आहे.

त्या कुळाचा इतिहास मोठा दुःखाचा आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागाचे वैभव कापसावर उभे होते, आणि कापूस गुलामांच्या पाठीवर. १७९३ साली एली व्हिटनेने सरकी काढण्याचे यंत्र केले. त्याने गुलामांचे कष्ट हलके व्हावेत, झाले उलटेच. सरकी झटपट निघू लागली, म्हणून लागवड वाढली. लागवड वाढली, म्हणून माणसांचा बाजार वाढला. १८६० साली तिथे सुमारे ४० लाख गुलाम होते. पश्चिमेकडच्या नव्या मुलखात गुलामगिरी न्यायची की नाही, यावरून उत्तर आणि दक्षिण यांचे फाटले. तिचा विस्तार रोखू पाहणारे लिंकन निवडून येताच दक्षिणेतील राज्ये एकामागून एक फुटून निघाली. अखेर ती ११ झाली. एप्रिल १८६१ ते एप्रिल १८६५ अशी चार वर्षे भाऊबंदकीचे हे रण पेटले आणि सहा लाखांहून अधिक माणसे मेली. १८६५ च्या अखेरीस घटना दुरुस्त होऊन गुलामगिरी कायद्याने संपली.

तिकडे बंदरांची नाकेबंदी झाली, तशा इंग्लंडमधल्या कापडगिरण्या उपाशी पडल्या आणि साऱ्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचे वेड लागले. युद्ध थांबताच १८६५ मध्ये ते सारे कोसळले. वऱ्हाडात कापसासाठी रेल्वे घाईघाईने पुढे सरकत होती, ती १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. परभणीला मात्र आगगाडीसाठी १९०० सालापर्यंत वाट पाहावी लागली. तेजीतल्या पैशाचे व्यापाऱ्यांनी सोने केले. मंदीचे ओझे शेतकऱ्यावर आले. कापसाचे भाव उतरले, सारा वाढला, कर्ज फुगले. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला सावकारांची खतपत्रे जाळली गेली, त्यामागे हीही एक ठिणगी होती.

त्या युद्धाचा खरा अर्थ मात्र आपल्याकडे पुण्याच्या एका माणसाने ओळखला. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केली. इतरांनी तिकडून पैसा घेतला; फुल्यांनी विचार घेतला.

आणि सुटलेल्या गुलामांचे काय झाले? बेडी तुटली, पण जमीन मिळाली नाही. जुन्या मालकाचेच शेत बटाईने करायचे, दुकानदाराकडून बी आणि धान्य उधार आणायचे, आणि पीक हाती आले की सारे उधारीत वळते व्हायचे, असे त्यांतल्या कित्येकांचे जिणे झाले. ऐकताना मला वाटले, ही गोष्ट तर आपल्याकडचीच!

दुपारी गंगाखेडच्या वाटेवर एका शेतात बायका कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होत्या. बोंडाच्या टोकांनी बोटे खरचटलेली. एका वयस्कर बाईंना विचारले, "मावशी, शेत तुमचंच का?"

"शेत कुठलं, दादा? किलोवर वेचतो आम्ही."

"आणि कापसाचा भाव वाढला तर?"

"तो मालकाला. आमचं वजन थोडंच वाढतंय?"

बांधावर उभा असलेला मालक हे ऐकून कसनुसा हसला. त्याच्याही डोक्यावर बी-खताची उधारी होतीच.

गंगाखेड हे जनाबाईंचे गाव. गोदावरीच्या काठी जन्मलेली ही पोर पंढरपूरला गेली आणि जन्मभर स्वतःला नामदेवांची दासी म्हणवून घेत राहिली. दळणकांडण करता करता तिने देवालाच कामाला जुंपले! दर्शन घेऊन बाहेर आलो तो रस्त्यावर ट्रॅक्टर उभा. भांडीकुंडी, शेळी, चिलीपिली लादून ऊसतोडीला निघालेली टोळी. मुकादमाकडून नवरा-बायकोच्या जोडीने उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. त्या जोडीला हिशेबात नावही माणसाचे नाही, 'कोयता' म्हणतात. कायद्याने वेठबिगारी १९७६ साली बंद झाली. ही गुलामगिरी नव्हे, हे खरे. इथे कुणी कुणाला विकत नाही. पण ट्रॅक्टरवरच्या पोरांची दिवाळी फडातच जाणार होती.

निघताना त्या मावशींनी मूठभर कापूस माझ्या हातावर ठेवला. "वातीला न्या, दादा." मी पैसे पुढे केले, त्यांनी घेतले नाहीत.

त्या कापसाच्या वाती लक्ष्मीपूजनाला लावल्या. उजेड नेहमीसारखाच पडला; पण यंदा प्रथमच तो कुणाच्या हातचा आहे, हे घरातल्या मुलांना सांगता आले.