रॅम्प तिकडे, दुकान इकडे

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. परवा चहाच्या टपरीवर एकाने विचारलं, "अमेरिकेत जाऊन आलास. तिकडं तुमच्यासारख्यांची मजाच असेल ना?" त्याला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी दोन वर्षांचा असताना पोलिओ झाला. उजव्या पायात कॅलिपर, काखेत कुबडी. राहायला सणसवाडी, पुणे-नगर हायवेच्या कडेला. ताई-दाजी ह्यूस्टनच्या बाहेर एका वसाहतीत राहतात, त्यांच्याकडे दोन महिने होतो.

पहिला आठवडा मी नुसता बघत बसलो. दुकानाच्या दाराशी अपंगांसाठी राखलेली पार्किंगची जागा, आणि ती रिकामी! दार बटण दाबलं की उघडतं. एकदा शहरात बस पाहिली. थांब्यावर आली, दाराकडची बाजू खाली झुकली, फळी बाहेर आली आणि व्हीलचेअरवरची बाई आत गेली. कोणी वळूनही पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. एसटीत मला ७५ टक्के सवलत आहे, पण पहिली पायरी गुडघ्याच्या वर. खालून कोणीतरी ढकलणार, वरून कंडक्टर ओढणार, तेव्हा ती सवलत मिळणार.

तिकडेही हे आपोआप झालेलं नाही. मार्च १९९० मध्ये अपंग माणसं कुबड्या, खुर्च्या बाजूला ठेवून वॉशिंग्टनला संसदेच्या पायऱ्या रांगत चढली होती. त्याच वर्षी २६ जुलैला कायद्यावर सही झाली.

दुसऱ्या आठवड्यात ताई-दाजी कामावर जायला लागले आणि मी घरात अडकलो. दूध आणायचं तर चार-पाच किलोमीटर. वसाहतीचं फाटक संपलं की फुटपाथही संपतो. कायद्याने अपंगांना घरापासून नेणारी गाडी आहे, पण ती देणं बंधनकारक आहे बसमार्गाच्या दोन्ही बाजूंना पाऊण मैलापर्यंतच. आमच्या वसाहतीच्या जवळपास बसच नाही, मग गाडी कुठली? डाव्या पायाने ॲक्सिलरेटर दाबायची सोय असलेल्या कार मिळतात तिथे, पण पाहुण्याने काय कार घ्यायची? सत्तेचाळिसाव्या वर्षी मी लहान पोरासारखं विचारायचो, "ताई, रविवारी बाहेर नेशील का गं?" ती बिचारी न्यायचीही. पण विचारावं लागायचं ना.

घरी आलो. किराणा, मेडिकल, न्हावी, टपरी सगळं दीडशे पावलांत. पहिल्या दिवशी एकटा जाऊन दाढी करून आलो, इतकं बरं वाटलं!

पण माझा दवाखाना हायवेच्या पलीकडे आहे. समोर दिसतो. साइड व्हील लावलेली स्कूटर आहे माझ्याकडे (लायसन्सवर जुना शब्द 'इनव्हॅलिड कॅरेज', २०१९ च्या दुरुस्तीने 'अडॅप्टेड व्हेईकल' झालं, गाडी तीच). स्कूटरवर जायचं तर दुभाजक जिथे फुटतो तिथवर जाऊन वळून यायचं. चालत जायचं तर दुभाजकाची उंची, आणि शिफ्ट सुटायच्या वेळी कंपन्यांच्या बसेस नि कंटेनर. एका कंपनीच्या गेटवरचा बिहारी वॉचमन मला पाहिलं की शिट्टी वाजवत रस्त्यात उतरतो, हात आडवा करून गाड्या थांबवतो. त्याची सुट्टी असली की मी दवाखाना दुसऱ्या दिवसावर ढकलतो. म्हणजे इथेही मी कोणाच्या तरी भरवशावरच.

कायदा आपल्याकडेही आहे, २०१६ चा. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राजीव रतूरी प्रकरणात सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, बंधनकारक करा. त्यासाठी सरकारला तीन महिने दिले होते. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. बऱ्याच गावांत ते पैसे सरळ खात्यावर वाटून टाकतात. मीही घेतलेत, नाही म्हणत नाही. पण त्यातून माझ्या दारापुढचा रस्ता ओलांडता येत नाही.

आता पुणे ते शिरूर उन्नत मार्गाचं चाललंय. वरून गाड्या सुसाट जातील, जाऊ देत. खाली काय राहणार? क्रॉसिंग किती, दुभाजकात सपाट जागा कुठे, सिग्नल किती सेकंदांचा? मला हा रस्ता ओलांडायला चाळीस सेकंद लागतात, मोजलेत. खांब उभे राहिल्यावर विचारून उपयोग नाही, म्हणून अर्ज लिहिलाय.

सणसवाडी, कोरेगाव, शिक्रापूरकडच्या ज्यांच्या घरात कुबडी, व्हीलचेअर किंवा गुडघे गेलेली आजी आहे, त्यांच्या सह्या हव्यात. संध्याकाळी सहानंतर मी घरी असतो. पलीकडच्यांनी कृपया इकडे यावं, तेवढं माझ्यासाठी करा.