आमचें धनज कोणतें?

गेल्या माघांत आमच्या घरीं धाकट्या नातवाची मुंज ठरली आणि त्या निमित्तानें एक जुना वाद पुन्हां वर आला. आमच्या कुळाची चाल अशी कीं, मुंज असो वा लग्न असो, घरच्या गणपतीची अक्षत झाली म्हणजे दुसरी अक्षत मूळगांवच्या मारुतीस ठेवावयाची. आमचें मूळगांव धनज. एवढें सर्वांस ठाऊक आहे. परंतु धनज बुद्रुक कीं धनज खुर्द, ह्याविषयीं घरांत तीन पिढ्या एकमत नाहीं. नागपुरास राहणारी थोरली पाती बुद्रुक म्हणते. आम्ही धाकटे, पुण्यास येऊन राहिलेले, खुर्द म्हणत आलों. थोरल्यांनीं बुद्रुक धरावें आणि धाकट्यांच्या वांट्यास खुर्द यावें, ह्यांत इतिहासापेक्षां स्वभावाचा भाग अधिक असावा, अशी आमची आपली शंका आहे.

हा वाद केवळ बोलण्यापुरता राहिला असता तर चिंता नव्हती. परंतु आठ वर्षांपूर्वीं घरांतल्या एका लग्नाची पत्रिका आम्हीं ‘मु. पो. धनज’ एवढाच पत्ता घालून धाडली, आणि ती वाशीम जिल्ह्यांत न जातां यवतमाळ जिल्ह्यांतल्या नेर तालुक्यांत, माणिकवाड्याच्या जोडीनें ज्या धनजेचें नांव घेतात तेथें फिरून, लग्न लागल्यावर पंधरा दिवसांनीं परत आली. चूक सर्वस्वीं आमचीच होती. तालुका लिहिला नव्हता. आमच्या आत्याबाईंनीं मात्र ती गोष्ट मनास लावून घेतली. पुढें त्या नव्या जोडप्याच्या संसारांत जें जें उणें घडलें तें तें त्या मारुतीस न पोंचलेल्या अक्षतीच्या माथीं बसलें. आत्याबाईंचें वय आतां चौऱ्यायशीं आहे. त्या म्हणाल्या, “पत्रिकेचें काम नाहीं. मला घेऊन चला. माझ्या देखत अक्षत ठेवा.” तेव्हां काका नागपुराहून, आम्ही पुण्याहून, अशीं दोन्हीं घरें कारंज्यास एकत्र यावयाचीं ठरलें.

घरांत पुरावा म्हणावा असा एकच कागद आहे. पणजोबांच्या हातचा, मोडींतला, कोपरे वाळवीनें खाल्लेला. त्यावर ‘मौजे धनज परगणे कारंजें’ इतकाच मजकूर; बुद्रुक नाहीं, खुर्द नाहीं. आम्हीं तो कागद एका मोडी जाणणाऱ्या स्नेह्यांस दाखविला. त्यांनीं भिंग लावून पाहिलें आणि ते हंसून म्हणाले कीं, लिहिणाराला शंका नव्हती म्हणून त्यानें लिहिलें नाहीं.

ही शंका एकट्या धनजेची नाहीं. पुण्याच्या वाचकांनीं सिंहगडच्या रस्त्यावर वडगांव बुद्रुक आणि वडगांव खुर्द ह्या दोन पाट्या पाहिल्याच असतील. आतां तीं दोन्हीं शहराच्या पोटांत गेलीं, परंतु आडनांवें तशींच राहिलीं. पिंपरी-चिंचवडकडे पिंपळे गुरव, पिंपळे निलख आणि पिंपळे सौदागर अशा तीन पिंपळ्या शेजारींशेजारीं नांदतात. बुद्रुक हा फारशी ‘बुजुर्ग’ शब्दाचा मराठी तोंडांतला अवतार. अर्थ थोर, वडील. खुर्द म्हणजे लहान. एक गांव फुटून दोन झालीं, मध्यें ओढा आला किंवा भावाभावांत वांटणी झाली, म्हणजे मोठ्या भागास बुद्रुक आणि लहानास खुर्द म्हणूं लागले, असें सामान्यतः समजतात. पाटीवर जागा थोडी, म्हणून ‘बु॥’ आणि ‘खु॥’ असे लिहितात. उत्तर हिंदुस्थानांत ह्याच कामीं कलां आणि खुर्द ही जोडी चालते. मौज अशी कीं, ज्या काळीं नांव पडलें त्या काळचा मोठेपणा नांवांत गोठून राहतो. पुढें खुर्द वाढलें आणि बुद्रुक ओस पडलें तरी दप्तरांत थोरला तो थोरलाच. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हा न्याय नवा वाटूं नये.

परंतु वऱ्हाडानें बुद्रुक-खुर्दावर भागविलें नाहीं. नांवांची उपपदें पाहावयाचीं असतील तर वऱ्हाडांतच यावें. आमचा तालुका कारंजा. परंतु दुसरें कारंजें वर्धा जिल्ह्यांत आहे, म्हणून हें कारंजा लाड आणि तें कारंजा घाडगे. लाटदेशाकडून, म्हणजे दक्षिण गुजराथेकडून आलेल्या लाड व्यापाऱ्यांनीं ह्या गांवास नांव दिलें असें मानतात. जवळच मंगरूळ पीर आहे. तेथें हयात कलंदर ह्या पीराचा दर्गा. तिकडे अमरावती जिल्ह्यांत मंगरूळ दस्तगीर आहे आणि मंगरूळ चवाळाही आहे. अंजनगांव सुर्जी वेगळें, अंजनगांव बारी वेगळें. नांदगांव खंडेश्वर वेगळें, नांदगांव पेठ वेगळें. शेंदुरजना घाट, शेंदुरजना बाजार, शेंदुरजना आढाव अशा तीन शेंदुरजना आहेत. आणि कळस म्हणजे चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार! जी. आय. पी. कंपनीचा लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला आणि त्याच्या वाटेवरच्या चांदुरानें व धामणगांवानें ‘रेल्वे’ हा शब्द कुळाच्या आडनांवासारखा लावून घेतला. पीर, देव, बाजार, घाट, आगगाडी, ज्याला जें मिळालें तें त्यानें नांवापुढें बांधलें.

ह्या गोंधळांत केवळ आमच्यासारखे पत्रिका पाठविणारेच सांपडतात असें नाहीं. गुरुचरित्रांत श्रीनरसिंहसरस्वतींचें जन्मस्थान करंजनगर म्हणून सांगितलें आहे. पण करंजाच्या झाडावरून नांवें पडलेलीं गांवें महाराष्ट्रांत थोडीं आहेत काय? तें करंजनगर म्हणजे हेंच वऱ्हाडांतलें लाड-कारंजें, हें वासुदेवानंदसरस्वतींनीं, म्हणजे आपल्या टेंबेस्वामींनीं, ओळखून सांगितलें असें मानतात. पुढें १९३४ च्या सुमारास तेथें गुरुमंदिर उभें राहिलें. आज तेथें पहांटेपासून पादुकांपुढें रांग लागते. ज्या गांवास स्वामींसारख्यांनीं हुडकून काढावें लागलें, त्या तालुक्यांत आमचें धनज सांपडेना, ह्याचें वैषम्य वाटण्याचें कारण नव्हतें.

आम्ही समृद्धि महामार्गानें आलों. हा रस्ता २०२२ च्या डिसेंबरांत नागपूर-शिर्डी असा प्रथम खुला झाला आणि आतां सर्व ७०१ किलोमीटर पुरा झाला आहे. मोटार अशी धांवते कीं गांवें दिसतच नाहींत. पाट्या तेवढ्या दिसतात. कारंज्यास उतरल्यावर मात्र जुनें वऱ्हाड भेटलें. शिवछत्रपतींच्या फौजेनें १६७० सालीं हें गांव लुटलें, ह्यावरून त्या काळच्या त्याच्या संपत्तीची कल्पना यावी. येथें जैनांचीं तीन जुनीं मंदिरें, सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ ह्यांचीं, आणि त्यांच्याबरोबर हस्तलिखित पोथ्यांचे भांडार आहेत. आत्याबाईंस लहानपणीं मूर्तिजापुराहून यवतमाळास जाणाऱ्या अडीच फुटी रुळांच्या ‘शकुंतले’नें कारंज्यास आल्याचें आठवतें. तिचें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत चालत होतें. मग डिझेलचें आलें. आतां ती गाडीच बंद आहे. आत्याबाईंनीं रुळ पाहावयाचा हट्ट धरला. रुळांवर बाभळी माजल्या होत्या. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत.

सायंकाळीं काका व आम्ही पत्त्याचा हिशेब करीत बसलों, आणि एक गोष्ट ध्यानांत आली ती वाचकांस सांगण्याजोगी आहे. पणजोबांच्या पणजोबांपासून धरलें तर धनज जागचें हललें नाहीं. परंतु त्याचा पत्ता किती वेळां बदलला! मोंगलाईंत वऱ्हाड सुभा, परगणे कारंजें. मग निजामाचा अंमल. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या हातीं गेलें. १९०३ पासून त्याचा कारभार मध्यप्रांतास जोडला. १९०५ सालीं जिल्ह्यांची फेरमांडणी झाली, त्यांत जुना बाशीम जिल्हा मोडला. कारंजें तेव्हां मूर्तिजापूर तालुक्यांत होतें. तो तालुका त्याच फेऱ्यांत अकोला जिल्ह्यांत आला. १९५६ सालीं मुंबई राज्य, १९६० सालीं महाराष्ट्र, आणि १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यांतून वाशीम जिल्हा पुन्हां निराळा. एकाच ओसरीवर जन्मलेल्या आमच्या चार पिढ्यांनीं आपल्या गांवाचे चार पत्ते लिहिले असतील. त्यांत ‘धनज’ एवढा शब्द तेवढा टिकला, आणि नेमका तोच अपुरा! १९७२ सालीं पिनकोड निघाला खरा. पण तो टपालकचेरीचा आंकडा, गांवाचा नव्हे. शिरगणतीच्या खात्यानें प्रत्येक गांवास सहा आंकडी क्रमांक दिला आहे, त्यांत मात्र दोन धनजा कधीं एक होत नाहींत. काका म्हणाले, “मग मारुतीला आंकडा घालूनच अक्षत पाठवूं.” आत्याबाईंस हा विनोद रुचला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं अमरावतीच्या रस्त्यानें निघालों. दोहों बाजूंस काळी जमीन, हरभरा घाट्यांवर आलेला, तूर काढून पेंढ्या रचलेल्या. कपाशीच्या पळाट्या उपटून बांधावर टाकलेल्या. नांवांत धन असलें तरी धन किती निघतें हें कापसाच्या आणि सोयाबिनाच्या भावावर. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांस मोटार थांबवून विचारलें. ते उठून जवळ आले आणि आत्याबाईंकडे पाहून म्हणाले, “कोन्तं धनज पायजे तुमाले, माय? बुदरुक का खुर्द?”

आत्याबाई म्हणाल्या, “धनज.”

“धनजच म्हना. हेच धनज.”

“आणि तें दुसरें?”

“ते खुर्द.” गृहस्थांनीं हात करून दाखविलें.

पुढें आम्ही खुर्दास गेलों तेव्हां तेथेंही एका बाईनें आपल्या गांवास नुसतें धनज म्हटलें आणि पहिल्यास बुद्रुक. त्या वेळीं आम्हांस मोडी वाचणाऱ्या स्नेह्यांच्या बोलण्याचा खरा अर्थ कळला. उपपद हें दुसऱ्याच्या गांवास लावावयाचें असतें. आपलें गांव म्हणजे गांव. बुद्रुक-खुर्द ही तहशिलीची, टपालाची आणि पाहुण्याची गरज. पणजोबांनीं कागद गांवांत बसून लिहिला, म्हणून त्यांस ती पडली नाहीं. आम्ही गांव सोडलें, म्हणून आमच्या डोक्यास ती बसली.

पुतण्या जवळच होता. तो कामानिमित्त रुमानियांत दोन वर्षें राहून आला आहे. तो म्हणाला कीं तिकडेही हाच प्रकार. पोयाना म्हणजे रानांतली मोकळी जागा. ह्या नांवाचीं खेडीं त्या देशांत जिकडेतिकडे. वाल्या मारे, म्हणजे मोठें खोरें, हेंही तसेंच. मग ओळख पटावी म्हणून कोणास मारे म्हणजे मोठें, कोणास मीक म्हणजे लहान जोडतात. डोंगरांत असलें तर ‘दे सुस’ आणि ‘दे झोस’, वरचें आणि खालचें. व्हिशेउ दे सुस आणि व्हिशेउ दे झोस हीं दोन गांवें एकाच नदीकांठीं आहेत. तेथें १८६४ च्या कायद्यानें अनेक खेड्यांची मिळून एक कोमूना केली, आपल्याकडील गटग्रामपंचायतीसारखी. त्यामुळें पत्ता सांगतांना खेडें, कोमूना आणि जिल्हा अशीं तिन्हीं नांवें सांगावीं लागतात. आत्याबाईंनीं विचारलें, “आणि तेथलीं माणसें आपल्या गांवाला काय म्हणतात?” तो म्हणाला, “पोयाना.” आत्याबाईंनीं मान हालविली.

आतां प्रश्न अक्षतीचा. बुद्रुकांतल्या मारुतीपुढें काकांनीं तबक पुढें केलें. आमच्या घरचे कोणीच पुढें होईनात. क्षणभर तिघां-चौघांचीं तोंडें कडू झालीं. मुंजीचा मुलगा आमचा. अक्षत काकांच्या मारुतीस! आम्हीं पुराव्याच्या गोष्टी बोलूं लागलों, काकांनीं आवाज चढविला, आणि पुजारी संकोचून बाजूस झाला. तेव्हां आत्याबाईंनीं लुगड्याचा पदर पसरला आणि तबकांतल्या अक्षता त्यांत निम्म्या ओतून घेतल्या. “ह्या इथें ठेवा,” त्या काकांस म्हणाल्या, “आणि ह्या घेऊन मी पुढें जातें. तुमचे बाप एका ताटांत जेवले आहेत.” काकांनीं अक्षत ठेवली, नारळ फोडला, आणि मग आपल्या मोटारींत न बसतां आमच्या मोटारींत आत्याबाईंच्या शेजारीं येऊन बसले. खुर्दांतला नारळ त्यांनींच फोडला.

परततांना पदराच्या गांठींत चार दाणे उरले होते. ते काय करावयाचे असें विचारतां आत्याबाई म्हणाल्या, “नेरला पाठवा. त्या मारुतीनें आपली पत्रिका पंधरा दिवस सांभाळली.” ह्या खेपेस पाकिटावर तालुका, जिल्हा आणि पिनकोड तिन्हीं घातलीं आहेत. पोंच अजून आलेली नाहीं.