दोन बोटं माया

शिंप्याच्या घरात ‘माया’ या शब्दाचा पहिला अर्थ वेगळाच असतो. शिवणीच्या आत जादा कापड दुमडून ठेवतात, ती माया. पुढे अंग भरलं तर उसवून ढिलं करता यावं म्हणून. चौथीत बाईंनी ‘माया’ शब्द वाक्यात वापरायला सांगितला, तेव्हा मी लिहिलं होतं, ‘दादा साहेबांच्या पँटला मागून दोन बोटं माया ठेवतात.’ बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली. दादांना वही दाखवली तर ते म्हणाले, “बरोबर आहे की. तीन बोटं ठेवली तर गोळा होतो.”

दादा म्हणजे माझे वडील. त्यांचं दुकान छावणीत होतं. आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या शहराची ही छावणी. पण आम्ही छावणीकर स्वतःला शहरात धरतच नसू. लोखंडी पुलावरून खाम नदी ओलांडली की ‘औरंगाबादला चाललो’ म्हणायचं. अलीकडे रस्ते झाडलेले, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, कौलारू बंगले, चिंचा-लिंबांची गार सावली, पलीकडे शहर. निजामाच्या कंटिन्जंट फौजेपासूनचा हा तळ. १९०३ साली ती फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विरघळली, पुढे इंग्रजही गेले, पलटणी येत-जात राहिल्या. मेस मात्र जिथल्या तिथे राहिली आणि मेसमधली डिनर नाइटही.

गुरुवारी आठवडी बाजार भरायचा. त्या दिवशी दुकानात खेड्यापाड्यातली गिऱ्हाइकं: बंडी, लेंगा, पोरांच्या चड्ड्या. बाकीचे सहा दिवस पलटणीचे. आणि डिनर नाइटची तारीख लागली की आठवडाभर आमच्या घराचा कारखाना व्हायचा. कोळशाची इस्त्री थंड म्हणून व्हायची नाही. आई हातशिलाई करायची, मी काजं. काजाचा टाका एकसारखा पडला नाही तर दादा बोलायचे नाहीत, नुसते उसवून परत माझ्यापुढे ठेवायचे.

काय काय असायचं त्या पोशाखात! पँटच्या दोन्ही बाजूंनी पट्टी, ती वरपासून खालपर्यंत सुतासारखी सरळ. छातीवर लावायला पदकांच्या इवल्याशा प्रतिकृती, कारण मोठी पदकं परेडची, जेवणाला छोटी. आणि कमरेला कमरबंद, ज्या त्या पलटणीच्या रंगाचा. त्याच्या चुण्या वर तोंड करून बसल्या पाहिजेत, खाली नाही. हा कमरबंद आपलाच बरं का. शब्द फारसीतून आपल्याकडे आलेला, वस्तू आपल्या शेल्यासारखी. एकोणिसाव्या शतकात इथल्या उकाड्यात वेस्टकोट घालून घामाघूम झालेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी तो उचलला आणि पार लंडनच्या जेवणावळीत नेऊन बसवला. दादांना हे माहीत नव्हतं. चाचांना ठाऊक असावं.

चाचा आमचे कारीगर. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शेरवान्या शिवायचं काम. हैदराबाद संस्थानात शेरवानी हाच दरबारी पोशाख, आणि आपल्या गावचा हिमरू म्हणजे त्यातलं मानाचं कापड: सूत आणि रेशीम एकत्र विणलेलं. चाचांना कॉलर बसवायला दिली की बघत राहावं. मानेला ती चिकटायची नाही आणि सुटायचीही नाही. माप घेऊन साहेब दुकानाबाहेर पडले की चाचा हळूच म्हणायचे, “मास्तर, साब का पेट एक इंच आगे गया.” दादा वहीत जुनं माप खोडून नवं लिहायचे. साहेबांना यातलं काहीच कळायचं नाही. पोशाख अंगाला नेहमीसारखाच बसायचा आणि साहेब समजायचे, आपण आहोत तसेच आहोत.

१९७४ च्या हिवाळ्यातली गोष्ट. मी अकरा वर्षांची. संध्याकाळी सात-साडेसातला मेसचा एक जवान सायकल हाणत दुकानी आला. कुणा पाहुण्या साहेबांची पँट ऐनवेळी आसनात उसवली होती. दादांनी सुई-दोरा, कैची, खडू पिशवीत टाकला. आई माहेरी गेलेली, मला घरी एकटं ठेवणं नको म्हणून सायकलच्या दांड्यावर बसवलं. मेसला वळसा घालून आम्ही मागच्या दारानं आत गेलो. मुदपाकखान्याला लागून एक अरुंद खोली होती. तिथे मोठ्या टेबलावर चांदीची भांडी ओळीनं मांडलेली, आणि मेस हवालदार एकेक काटा फडक्यानं पुसून उजेडाकडे धरून बघत होता.

दादा जमिनीवर मांडी घालून बसले. पँट उलटी केली. माया ठेवलेली होती, दुसऱ्या कुणा शिंप्यानं, कुठल्या तरी दुसऱ्या छावणीत. दादांनी ती बोटानं चाचपली आणि तोंडानं ‘च्’ केलं, पसंतीचं. मग जुनी शिवण अर्धी उसवली, अर्धं बोट बाहेर सोडलं आणि दुहेरी दोऱ्यानं मागे फिरत टाके घालत गेले. सात-आठ मिनिटं लागली असतील. तेवढा वेळ ते साहेब शेजारच्या खोलीत गुडघ्यापर्यंत टॉवेल गुंडाळून, वर मात्र पदकांसकट पूर्ण सजून उभे होते. दार किलकिलं होतं, म्हणून मला दिसले. हसू दाबता दाबता पोटात कळ आली.

ते गेले आणि त्या फटीतून आतली खोली दिसली. सगळे उभे. मुख्य साहेब बसल्याशिवाय कुणी बसायचं नाही, ते उठल्याशिवाय उठायचं नाही, हे दादा सांगायचेच. बायका साड्यांमध्ये, शिफॉन बहुतेक. त्या काळी आमच्या गल्लीत शिफॉन कुणाकडे नव्हती. बाहेर बँड वाजत होता. तो बँड आम्ही पोरं कंपाउंडच्या भिंतीला कान लावून दरवेळी ऐकत असू. त्या दिवशी पहिल्यांदा तो ज्यांच्यासाठी वाजतो ते दिसले. जेवणाच्या शेवटी राष्ट्रपतींच्या नावानं पेला उंचावतात, तिथपर्यंत आम्ही थांबलो नाही. हवालदारानं मला कागदात गुंडाळून कॅरॅमल कस्टर्डचा एक तुकडा दिला. सायकलवर तो निम्मा फ्रॉकवर सांडला.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मागच्या डिसेंबरातली बोट.

लेक आणि जावई मला सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर घेऊन गेले. चार रात्री. त्यातली एक ‘फॉर्मल नाइट’. निघायच्या आधी महिनाभर सहलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. कुणी पैठणी, कुणी नऊवारी (शिवलेली, चेनवाली), एका काकांनी फेटा बांधून देणारा माणूस बोटीवर मिळेल का म्हणून विचारलं. जावयानं टक्सिडो भाड्यानं घेतला. शेरवानी, कोट, बूट, सगळं आता तासावारी मिळतं. शहरात लग्नाचा मोसम आला की एकच शेरवानी पाच नवरदेवांच्या अंगावरून जाते, आणि हिमरूचे हातमाग बोटांवर मोजण्याइतके उरलेत. मला त्याचं फार वाईट वाटतं असं म्हणणं खोटं होईल. भाड्यानं का होईना, ज्याला हवा त्याला तो कोट मिळतो. दादांनी जन्मभरात शेकड्यांनी मेस ड्रेस शिवले आणि स्वतःच्या लग्नात उसना कोट घातला.

मी इतिहासाची मास्तरीण होते, त्यामुळे बोटीवर पाय ठेवल्यापासून डोक्यात जुन्या बोटी. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून निघाल्या, वय अठरा, बरोबर मिशनरी बायका. आणि नेसणं सोडायचं नाही हा निश्चय. पुढे अमेरिकेच्या थंडीत पाय उघडे पडतात म्हणून त्यांनी नऊवारी सोडून गुजराती पद्धतीची साडी घेतली, पण साडीच. पाच वर्षांनी मोहनदास गांधी मुंबईहून निघाले. काटे-चमचे कसे धरायचे या लाजेनं ते बोटीवर आपल्या खोलीतच जेवत, बरोबर नेलेली मिठाई आणि फळं. विलायतेला उतरताना घालायला पांढरा फ्लॅनेलचा सूट राखून ठेवलेला. उतरून पाहतात तर सप्टेंबरअखेरीस तसल्या कपड्यात तेच एकटे. हे त्यांनीच आत्मकथेत लिहिलंय, आणि वर्गात सांगितलं की पोरं दरवेळी हसायची. त्या काळच्या मोठ्या बोटींवर वरच्या वर्गाला रोज रात्री सजूनच जेवायला बसावं लागे. तांबड्या समुद्रात उकाडा असह्य झाला की तेवढी एक सवलत: कोट काढून ठेवा, सदरा आणि कमरबंद पुरे. त्या पोशाखाला अजून ‘रेड सी रिग’ म्हणतात. म्हणजे तिथेही शेवटी कामी आला तो आपला कमरबंद.

आता सक्ती ढिली झालीय. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइननं ‘फ्रीस्टाइल’ म्हणत ती जवळपास उठवलीच. क्युनार्डच्या क्वीन मेरी-२ सारख्या बोटी अजून हट्टानं गाला संध्याकाळी पाळतात. आमच्या बोटीवर दोन्ही होतं. खालच्या मजल्यावर झुंबरांखाली फॉर्मल जेवण, वरच्या मजल्यावर अर्ध्या चड्डीतल्यांसाठी बुफे. ज्याला जे झेपेल ते. मेसमध्ये असं चाललं नसतं, आणि खरं सांगायचं तर ती मेसची गंमत मला इथे चुकल्यासारखी वाटली. सगळ्यांनी एकाच वेळी एकच त्रास सोसायचा, यात काहीतरी होतं.

जेवणाला पाऊण तास असताना जावयाच्या केबिनमधून लेकीची हाक आली. पँट. आसनातच. मला इतकं हसू आलं की लेक चिडली. बाथरूममध्ये ठेवतात ती सुई-दोऱ्याची पुडी घेऊन मी पलंगावर मांडी घातली, पँट उलटी केली आणि बोटानं चाचपलं. माया नव्हती. नावालासुद्धा नाही. मशीननं कापडाच्या अगदी काठावरून शिवण मारलेली, काठाला जाळीदार धागा, की संपलं. भाड्याच्या कपड्याला कुणाच्या पोटाचं काय पडलंय! मी जेवढं धरता आलं तेवढं धरून दुहेरी दोऱ्यानं मागे फिरत टाके घातले. जावई टॉवेल गुंडाळून, वर बो लावून, आरशासमोर उभे. “आई, बसता येईल ना?” मी म्हटलं, “बसा. वाकू नका.”

जिन्यात फोटो काढायला रांग होती. तीन-तीन फोटोग्राफर, मागे कापडावर छापलेला संगमरवरी जिना, खऱ्या जिन्यासमोरच. तिथे पैठण्यांची नुसती झुंबड. मी दादा गेल्यानंतर स्वतःच्या पगारातून घेतलेली एक गर्द जांभळी नेसले होते. आत गेल्यावर ध्यानात आलं, की त्या अख्ख्या दालनात ज्यांचा पोशाख डोक्यापासून पायापर्यंत चोख होता, ते वाढपी. कॉलर ताठ, बो सरळ, जाकिटाला एक सुरकुती नाही.

आमच्या टेबलाचा वाढपी गोव्याचा निघाला. माझं मराठी ऐकून त्यानं कोकणी-मराठीत बोलायला सुरुवात केली. त्याचे आजोबाही बोटीवर होते म्हणे, मुंबईला आले की धोबीतलावला आपल्या गावच्या कुडात उतरायचे. दर्यावर्दी गोवेकरांचे ते कूड मला वाचून माहीत होते; माणूस पहिल्यांदा भेटला. तो सूप वाढायला पलीकडे वळला आणि मला त्याच्या जाकिटाची पाठ दिसली. मधली शिवण सोडलेली होती. जुन्या शिवणीची फिकट रेघ अर्धा बोट आत, तिच्या बाजूला नवी. काळ्यावर काळा दोरा; दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं.

“जाकीट ढिलं केलंय का रे?”

तो दचकला. मग हसला. “सहा महिने झाले मावशी, जेवण बरं असतं इथं.”

“कुणी केलं?”

“टेलर आहे ना बोटीवर. खाली. सगळ्या क्रूचे कपडे तोच बघतो.”

मला एकदम त्या माणसाला बघावंसं वाटलं. मांडी घालून बसतो की खुर्चीवर, दोरा दातानं तोडतो की कैचीनं. मी विचारलं, “मला नेशील का? दोन मिनिटं.”

“खाली पाहुण्यांना परवानगी नाही, मावशी.”

“मागच्या दारानं?”

त्यानं माझ्या पैठणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पेल्यात पाणी ओतलं. समोर जावई ताठ बसून, अजिबात न वाकता, सूप पीत होते.