थप्पी उघडायची कधी?

निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला बातमीतून माहीत आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, हे दर हिवाळ्यात पेपरात येतं, सोबत शेकोटीचा फोटो. त्याच थंडीत आम्ही उन्हाळी मिरचीची रोपं उगवत असतो.

बी.एस्सी. ॲग्री झाल्यापासून मी स्पर्धा परीक्षा देतेय आणि तालुक्यातल्याच एका भाजीपाला रोपवाटिकेत काम करतेय. यंदा वसंत पंचमी होऊन गेली तरी सकाळी शेडनेटखाली बोटं वळत नव्हती, आणि काम तर सगळं बोटांचंच. १०४ कप्प्यांचा ट्रे, त्यात ओलसर कोकोपीट, प्रत्येक कप्प्यात बोटाने खड्डा, खड्ड्यात एक बी. हातमोजे घातले तर बी चिमटीत येत नाही. संकरित बियाण्याच्या पाकिटाची किंमत माहीत असली की हात आपोआप जपून चालतो.

भरलेले ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने गच्च झाकतात. ही थप्पी. आत ऊब आणि ओल टिकते. मिरचीच्या बियाला उगवायला साधारण २५ ते ३० अंश तापमान लागतं. एरवी आठवड्याभरात कोंब दिसतात. थंडी लांबली की दहा दिवस जातात, बारा जातात. थप्पी लवकर उघडली तर न उगवलेलं बी गारठून बसतं. उशीर केला तर उगवलेले कोंब अंधारात दोऱ्यासारखे लांबतात, आणि तसलं रोप शेतात उभं राहत नाही. गंमत म्हणजे एकाच ट्रेमध्ये दोन्ही तऱ्हेचे कप्पे असतात.

तापमानाचे आकडे मला पाठ आहेत. निर्णय मात्र मावशी घेतात. त्या थप्पीच्या मधला ट्रे ओढून बघतात. "वरचा ट्रे खोटं बोलतो," म्हणतात. पाण्याचंही त्यांचंच चालतं. गारठ्यात ओल जास्त झाली की रोपांना मर लागते, म्हणून ऊन चढेपर्यंत झारीला हात लावायचा नाही. पाणीही टाकीतलं नको, बोअरचं हवं. पहाटे ते कोमट असतं. त्या पाइपाखाली हात धरायला आमच्यात नंबर लागतात.

इकडे शेतकऱ्यांचे फोन सुरू. बेड तयार, मल्चिंग पेपर अंथरलेला, ॲडव्हान्स दिलेला. त्यांची घाई खरी असते. लागवड लांबली की फुलोरा मेच्या उन्हात सापडतो आणि फुलं गळतात.

यंदा थप्पी उघडेना, तेव्हा चार दिवस बायकांना येऊ नका म्हणून सांगावं लागलं. थप्पी उघडल्याशिवाय ट्रे मांडणं नाही, विरळणी नाही, गाडी भरणं नाही. त्या चौघींत मावशींची सूनही होती. तिसऱ्या दिवशी मावशींनी मधला ट्रे ओढला, बराच वेळ बघत राहिल्या. उघडा म्हणाल्या असत्या तर कुणी विचारलं नसतं. सुनेचा रोज सुरू झाला असता. त्यांनी ट्रे परत आत सारला आणि प्लास्टिकच्या कडेवर विटा ठेवल्या.

रोपं आली. चांगली आली. शेतकरी खूश होऊन घेऊन गेले.

आता इथे मी "रोपांनी मला संयम शिकवला" असं लिहावं, अशी तुमची अपेक्षा असेल. पण माझा पगार महिन्याचा आहे. त्या चार दिवसांत थांबलो आम्ही सगळेच, पैसे मात्र फक्त चौघींचे गेले. संयम चांगलाच असतो, पण त्याचं बिल कुणाच्या नावावर फाटतं हेही बघायला हवं.

मी मालकांना एक यादी करून दिलीय: थप्पी बंद असताना करता येतील अशी कामं. जुने ट्रे धुऊन निर्जंतुक करणं, कोकोपीटच्या विटा भिजवून मोकळ्या करणं, फाटलेलं शेडनेट शिवणं. ही कामं एरवीही करावीच लागतात, फक्त घाईत उरकली जातात. चौघींना चार दिवस पुरतील इतकी ती नक्की आहेत.

मालकांनी यादी वाचली, घडी घालून खिशात ठेवली. "बघू," म्हणाले.

मी दर सोमवारी आठवण करते.